हवेला आलेली माणसं

“तुमच्यात कोणी हवेला आलेलं नाही ना? तेवढं आधी सांगा, मग खोली दाखवते.”

भिलारेकाकूंनी हे विचारलं तेव्हा त्या परसात उकिडव्या बसून गवताच्या झडी बांधत होत्या. हिरडेमाळावर पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून अशा झडी लावाव्या लागतात, नाहीतर भिंती पाणी पितात आणि श्रावणापर्यंत गादीला बुरशी चढते. काकूंनी मान वर करूनही पाहिलं नाही. काथ्याची गाठ दातानं ओढली आणि उत्तराची वाट बघत बसल्या.

“नाही हो काकू,” मी म्हटलं. “आम्ही दोघी वरच्या शाळेत नोकरीला आहोत.”

माझ्या शेजारी विमल ओंबळे उभी होती आणि तिचा पदर धरून तिची सात वर्षांची छबू. विमलनं मला कोपरानं हळूच ढोसलं. ‘शाबास’ असा त्याचा अर्थ होता, कारण तो शब्द मला तिनंच शिकवला होता.

ही सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं आणि तोंड फार चालायचं. म्हणजे अजूनही चालतं, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता. वरच्या निवासी शाळेत मी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते आणि विमल शिवणखोलीत. मुलांच्या शर्टांना बटणं लावायची, फाटक्या चादरी सांधायच्या, हे तिचं काम. दोघी एकाच आठवड्यात रुजू झालो आणि लगेच शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टीपुरतं मला पाहुण्यांच्या खोलीत राहू दिलं होतं. विमल आणि छबू शिवणखोलीतच जमिनीवर झोपायच्या. दहा जूनला शाळा उघडणार होती. त्याआधी आपापली सोय बघा, असं सुपरिंटेंडेंट साहेबांनी दोघींना एकदम सांगितलं होतं. क्वार्टर होती, पण ती मास्तर लोकांना.

मला खोली हवी होती ती नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. ते भोसरीला माझ्या भावाकडे असायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता. औषधं पूर्ण घेतली, बरे झाले, डॉक्टरांनी तसा कागदही दिला. पण वहिनीनं त्यांचं ताट-वाटी-पेला वेगळा ठेवला तो ठेवलाच. गॅलरीत पत्र्याखाली त्यांची खाट होती. मी भेटायला गेले की ते म्हणायचे, “माझं काय, मी मजेत आहे,” आणि मग मला निघताना स्टँडपर्यंत सोडायला यायचे, अर्ध्या वाटेत दम लागला तरी यायचेच. पहिला पगार झाला की नानांना वर आणायचं, हे मी नोकरीचा कागद हातात पडला त्याच दिवशी ठरवलं होतं.

आणि विमलला खोली हवी होती छबूसाठी. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर असताना वारला. सासर खाली जावळीच्या खोऱ्यात. दिरानं तिला नोकरी करू दिली, पण बजावून ठेवलं होतं, “धड खोली असंल तर पोरगी ठिव तुझ्यापाशी. नसंल तर सात जूनला येतो आन घिऊन जातो. पोरगी काय शिवणखोलीत वाढवायची व्हय?” एकदा पोरगी तिकडे गेली की जावेचं तान्हं सांभाळायला तिथलीच होऊन जाणार, हे विमलला पक्कं ठाऊक होतं. “मंग मला नुसती जत्रंला दिसंल ती,” ती म्हणायची.

तर आम्ही दोघी खोली शोधत होतो. तुम्ही डोंगरावरच्या गावात फिरायला गेला असाल, तुम्हांला वाटेल इथं घरांना काय तोटा. बंगलेच बंगले. खरं आहे. पण त्या बंगल्यांत माणूस राहत नाही, माळी राहतो. जी खोली मे महिन्यात पर्यटकाला दिवसाच्या साठ रुपयांनी जाते, ती आम्हांला महिन्याच्या दीडशेला कोण देणार? लोक गोड बोलायचे. “पावसाळाभर राहा की, घर उबदार राहील, चूल पेटती राहील. दिवाळीला मात्र मोकळी करून द्या, सीझन असतो.” म्हणजे चार महिने पाणी गळताना आम्ही त्यांची भिंत सुकवायची आणि ऊन पडलं की ट्रंक उचलून रस्त्यावर! एका बाईंना मी तसं तोंडावर सुनावलं. विमलनं मला हाताला धरून बाहेर ओढलं.

“शैलाताई, आवो खोली मागाय आलोय का भांडाय?”

तिसऱ्या का चौथ्या घरी त्या शब्दाचा घोळ झाला. पेन्शनीत निघालेले एक रेंजर होते, सज्जन माणूस. मागची खोली बारा महिन्यांसाठी द्यायला तयार झाले होते, चहासुद्धा झाला. आणि मी, शहाणी, खुशीत येऊन म्हटलं, “फार बरं झालं. वडिलांना घेऊन येते. त्यांना इथली हवा मानवेल.”

त्यांनी कप खाली ठेवला. “वडील हवेला येणार का?” म्हणाले. मी म्हटलं, “हो, हवेसाठीच आणतेय.” मग त्यांना एकदम आठवलं की त्यांचा पुतण्या जूनमध्ये यायचा आहे.

रस्त्यावर आल्यावर विमलनं कपाळावर हात मारून घेतला.

“काय बोललात हो ह्ये! हितं आसं बोलत न्हाईत.”

“का? हवा चांगली नाही का इथली?”

“हवा खायला येत्यात ती पावणी. आन हवेला येत्यात ती…” तिनं छातीवर बोट ठेवलं. “त्यो वर दवाखाना हुता न्हवं, इंग्रजाच्या टायमाचा. छातीची माणसं यायची. दवाखाना बंद पडला, पर बोलणं ऱ्हायलं. ‘हवा मानवली’ म्हनलं की हितली माणसं दार लावून घेत्यात. आमच्या खोऱ्यातबी लोकं ह्योच अर्थ घेत्यात.”

मी तिथंच रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसले. आणि मग तिला सगळं सांगितलं. नानांचा आजार, गॅलरीतली खाट, वेगळा पेला, डॉक्टरांचा कागद. गावात मी हे फक्त तिलाच सांगितलं होतं. ऐकताना ती छबूच्या केसांतली कुसळं काढत होती.

“कागद दाखवला तर?” मी विचारलं.

“कागद कोण वाचतंय? खोकला ऐकत्यात. तुमी नाव काढू नगा हवेचं. नाना वयस्कर हायत, मास्तर हुते, पोरीपाशी राह्याला आलेत. बास. कुणी इचारलं तर मी हाय की सांगाय.”

मग दोन आठवडे आम्ही अशाच हिंडलो. विमल वाटेत करवंदं तोडायची, छबू ती मूठमूठ खायची आणि तिचे ओठ, फ्रॉक, सगळं जांभळं व्हायचं. मे संपत आला तसा पोरीचा घसा बसला. “आंबट खाऊन खाऊन नरडं धरलंय,” विमल म्हणायची आणि तिला गुळण्या करायला लावायची. मी स्वतः दोनदा मीठ घालून पाणी गरम करून दिलंय. म्हणजे तो खोकला कशाचा होता हे मला माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, पुन्हा गोंधळ नको.

भिलारेकाकूंची खोली ही आमची शेवटची आशा होती. तिथं राहणारा बँकेचा शिपाई बदली होऊन गेला होता. जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा, आत मोरी, बाहेर हातभर पडवी. भाडं सव्वाशे आणि मुख्य म्हणजे सीझनला खाली करायची अट नाही. “मला पावण्यांची कटकट नको,” काकू म्हणाल्या. “एकदा चांगलं माणूस बघून दिली की मी पुन्हा तोंड वर करून बघत नाही.” विमल खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “हितं मशीन बसंल खिडकीपाशी.” मी मनात नानांची खाट त्याच खिडकीपाशी लावली होती.

“खोली एक आणि तुम्ही दोघी,” काकू म्हणाल्या.

“आमी एकत्र राहू की,” विमल म्हणाली. “नाना पडवीत, आमी आत.”

“नाही. पाणी एका घराला पुरेल एवढंच येतं. आधी दोन बिऱ्हाडं ठेवून बघितलंय मी, झिंज्या धरल्या होत्या बायकांनी. एकीलाच देईन. बुधवारी बाजारात भेटा, सांगते.”

निघताना छबू पडवीच्या पायरीवर खोकली. दोनदाच. काकूंचा झडी बांधणारा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

परतताना विमल म्हणाली, “शैलाताई, एक ठरवू. तुमाला गावली तर तुमी घ्या. मला गावली तर मी घेती. रुसायचं न्हाई.”

“रुसायचं नाही,” मी म्हटलं. आम्ही दोघींनी छबूच्या हातावर टाळी दिली.

बुधवारी बाजारात काकू मला एकटीलाच भेटल्या. विमल चादरींच्या ढिगात अडकली होती. काकू सुकट घेत होत्या. मला बघून त्यांनी पिशवी खांद्यावर टाकली आणि बाजूला घेतलं, तांबटाच्या दुकानाच्या ओट्याजवळ.

“पिसाळबाई, मी स्पष्ट बोलते. मला ती ओंबळेबाई पसंत आहे. एकटी आहे, लेकरू लहान आहे, तिला गरज जास्त. तुम्ही काय, शिकलेल्या, कुठंही सोय होईल. पण ती पोरगी खोकत होती. कशानं खोकते?”

मी तोंड उघडलं. ‘करवंदं’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. खोटं नाही सांगत, अगदी जिभेवर होता. एक शब्द, चार अक्षरं. तो बोलले असते तर खोली विमलची झाली असती आणि नाना गॅलरीत राहिले असते. मला नानांचा तो पेला दिसला. स्टीलचा, कडेला पोचा आलेला, खिडकीच्या गजाला अडकवलेला.

मी म्हटलं, “लहान आहे हो. तिला इथली हवा मानवते.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. “हवा?”

तेव्हासुद्धा वेळ होती. ‘अहो तसं नाही काकू, करवंदं खाल्लीत तिनं’ एवढं म्हणून हसायचं होतं. काकूही हसल्या असत्या.

“हो,” मी म्हटलं.

काकूंनी डोळे मिटून घेतले. मग एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ वर दवाखान्यात दूध घालायला जायचा. सोळाव्या वर्षी गेला. आमच्या त्याच खोलीत. मी नाही ठेवू शकत गं बाई. त्या पोरीचं देव भलं करो, पण मी नाही ठेवू शकत.” आणि माझा हात दाबून म्हणाल्या, “मी तिला कारण सांगणार नाही. बिचारीला कशाला लाजवायचं. तुम्ही शनिवारी सामान आणा.”

मी आनंदानं परत गेले असं नाही. पण खरं सांगायचं तर अगदी दुःखानंही गेले नाही. मी स्वतःशी म्हणत होते की मी खोटं कुठं बोलले? हवा कुणाला मानवत नाही? मला मानवते, विमलला मानवते. मी जे बोलले ते शब्दकोशात बघितलं तर निर्मळ वाक्य आहे. शाळेच्या चढावर मी हे वाक्य चार वेळा म्हणून बघितलं.

विमलला मी सांगितलं तेव्हा ती मशीनवर होती. तिचा पाय थांबला. मग उठली आणि म्हणाली, “चला, एकीचं तरी झालं. नानांस्नी पत्र टाका.” शनिवारी माझी ट्रंक तिनंच डोक्यावर घेतली. मी नको नको म्हणत असताना खोली सारवून दिली, पडवीच्या बाजूनं झडी घट्ट नव्हत्या त्या पुन्हा बांधल्या. “वारं हिकडनंच मारतंय,” म्हणाली, “नानांच्या छातीला नगं लागाय.” काकू तेवढ्या वेळात बाहेर आल्या नाहीत. छबूला विमलनं शाळेतच ठेवलं होतं, म्हणून मी देवाचे आभार मानले.

सहा जूनला दुपारी ती माझ्याकडे आली. पडवीतच उभी राहिली.

“शैलाताई, एक मागू?”

“माग की.”

“उद्या दीर येतोय. चार दिस छबूला तुमच्यापाशी ठिवता? मी त्येला सांगती, खोली गावली म्हणून. ही दावती. त्यो बघून जाईल. मंग दिवाळीपातुर मी काय बी करून दुसरी बघती. पोरगी निजंल कोपऱ्यात, तिचा काय तरास न्हाई. नाना यायच्या आत नेती.”

काय मोठं मागत होती? चार दिवस, एक कोपरा. आणि मला ते देता येत नव्हतं. काकूंची भिंत आणि माझी भिंत एक होती. पोरगी एकदा खोकली असती की काकू धावत आल्या असत्या. मग विमल म्हणाली असती करवंदं, काकू म्हणाल्या असत्या हवा, आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं असतं.

“काकू नाही म्हणतील गं,” मी म्हटलं.

“मी इचारू का त्यास्नी?”

“नको!” हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की ती दचकली. “नको, विमल. त्या… त्यांनी बजावलंय मला. जास्तीचं माणूस नको म्हणून. माझीही खोली जाईल.”

“आसं हाय व्हय,” ती म्हणाली. “मंग ऱ्हाऊ द्या. तुमची जायला नगं.” आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. जायला नको होतं, पण न जाणं जास्त दिसलं असतं. दीर काही वाईट माणूस नव्हता. त्यानं येताना विमलला तांदूळ आणले होते, पोरीचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. छबू खिडकीपाशी बसली होती. विमल खाली उभी राहून तिला तेच तेच सांगत होती. काकीचं ऐक, ओढ्यावर एकटी जाऊ नको, केस रोज विंचरून घे. गाडी सुटायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात पोरगी एकदाही खोकली नाही. घसा पार मोकळा झाला होता, स्वच्छ आवाजात “शैलामावशी, टाटा,” म्हणाली. गाडी वळणाआड गेली. विमल पदरानं तोंड पुसत म्हणाली, “चला, चादरी पडल्यात.”

नाना तेरा जूनला आले आणि पंधराला पाऊस आला. हिरडेमाळावरचा पाऊस म्हणजे दिवस-रात्र एकच. झडींमागे खोली काळोखी, पण कोरडी आणि उबदार. नानांना इतकं आवडलं! “शैले, इथं मला कोणी वेगळं वाढत नाही,” असं ते पहिल्याच जेवणाला म्हणाले. मग जुलैत गारठा वाढला आणि नानांना पहाटे खोकल्याची उबळ यायला लागली. साधा खोकला होता, थंडीचा. पण मी उठून त्यांच्या तोंडावर गोधडी धरायची. माझ्या बापाच्या तोंडावर! “हळू, नाना, हळू,” म्हणायची. भिंतीपलीकडे काकू उठल्याची चाहूल लागली की गोधडी आणखी घट्ट धरायची.

एके सकाळी काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. झाकण काढलं तर हुलग्याचं माडगं, वाफाळतं.

“नानांना द्या. पहाटे खोकत होते. गारठा बाधला असेल.”

मी वाटी घेतली आणि घाईघाईनं म्हटलं, “हो काकू, थंडीचाच आहे. बाकी काही नाही. खरंच काही नाही.”

“अहो, मला ठाऊक आहे,” काकू म्हणाल्या. “एरवी मी घाबरलेच असते. पण मी आधीच चौकशी केली होती. त्या ओंबळेबाईला विचारलं होतं.”

“कधी?”

“बाजाराच्या आदल्या दिवशी. मंगळवारी. उशीचे अभ्रे शिवायचं निमित्त करून गेले होते शिवणखोलीत. म्हटलं, बाई, खरं सांग. या पिसाळबाईच्या वडिलांना काही छातीचं आहे का? मला रेंजरसाहेबांनी काही तरी सांगितलं होतं, हवेला येणार म्हणून. तर ती म्हणाली, न्हाई काकू, बोलताना चुकल्या त्या, म्हातारा दगडासारखा आहे. मी म्हटलं, शपथ घे. माझं मन धजत नव्हतं हो, भावाचं सांगितलंच मी तुम्हांला. तर तिनं पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. पोटच्या पोरीच्या डोक्यावर! त्यावर आणखी काय हवं? म्हणून तर आता नाना खोकले तरी मला भीती वाटत नाही.” काकूंनी सुस्कारा सोडला. “इतकी खरी बाई. तिच्या पोरीला तेवढं दुखणं नसतं, तर खोली मी तिलाच देणार होते.”

काकू गेल्या. मी वाटी हातात धरून दारातच उभी राहिले. माडग्यावर साय धरली तरी उभी होते. नाना आतून म्हणाले, “काय गं, कोण होतं?” सगळं मला आत्ता कुठं समजत होतं. मंगळवारी विमलनं फक्त खरं सांगायचं होतं. एवढंच म्हटलं असतं, हो काकू, नानांना क्षय होता, की खोली तिची, छबू तिची. तिनं ते केलं नाही. छबूच्या डोक्यावर हात ठेवून माझ्यासाठी खोटी शपथ घेतली. खोऱ्यातल्या बाईला पोरीच्या डोक्यावरचा खोटा हात म्हणजे काय असतं, ते तिच्याजवळ बसून रोज डबा खाणाऱ्या मला काही वेगळं सांगायला नको होतं. आणि पंधरा दिवसांच्या आत पोरगी दिराकडे गेली. त्याचं कारण तिनं मनाशी काय लावलं असेल? आपल्या खोट्या शपथेचंच लावलं असेल. दुसरं काय लावणार बिचारी?

मी छत्री-पिशवी घेतली आणि तशीच शाळेत गेले. सांगून टाकायचं, आज आत्ता. पाया पडायचं. मग काकूंकडे दोघींनी जायचं. खोली सोडायची, नानांचं काय व्हायचं ते होवो. भिजत चढ चढताना मी हे सगळं मोठमोठ्यानं बोलत होते. पावसात कोण ऐकतंय.

शिवणखोलीत शंभर ओल्या गणवेशांचा वास भरला होता. विमल खिडकीपाशी बटणं लावत होती. मला बघून तिनं शेजारचं स्टूल पुढं सरकवलं.

“आवो केवढ्या भिजलात! काय झालं? नाना बरं हायत न्हवं?”

“बरे आहेत.”

“मंग?”

तिच्या मशीनच्या कडेला छबूचा एक जुना फ्रॉक घडी घालून ठेवला होता. करवंदाचे डाग तसेच होते. ते डाग माझ्याकडे बघत असताना मला बोलायचं होतं, विमल, बाजारात काकूंनी मला विचारलं होतं. एवढीच सुरुवात. पुढचं आपोआप आलं असतं. पण सबंध गावात भांडत हिंडणारी मी नुसती स्टुलावर बसले. मी पिशवीत हात घातला आणि छत्री पुसायला ठेवलेला नानांचा जुना सदरा बाहेर काढला.

“याचं बटण गेलंय,” मी म्हटलं.

“एवढ्यासाठी पावसात आलात व्हय?” ती हसली. सदरा हातात घेतला, डब्यातून त्याच रंगाचं बटण शोधून काढलं, दोरा ओवला. बटण लावून दोरा दातानं तोडला आणि सदरा झटकून माझ्या मांडीवर ठेवला. मी उठेना, तशी तिनं दाराकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली आणि मिश्किलपणे माझ्या कानाशी आली.

“काय वो शैलाताई,” हळू आवाजात म्हणाली, “मानवली का नानांस्नी हितली हवा?”

ती माझी चेष्टा करत होती. आमच्या दोघींतली ती जुनी गंमत होती, कठड्यावर बसून शिकवलेली. काहीतरी उलट बोलून मीही हसेन, याची ती वाट बघत होती.

“हो,” मी म्हटलं.